खारफुटीच्या पानांत जिवाणू मारणारं काय असतं?

दर काही महिन्यांनी एक बातमी फिरत येते. खारफुटीच्या पानांच्या अर्काने घातक जिवाणू मेले, प्रयोगशाळेत चाचणी यशस्वी, आता नवं औषध दूर नाही. गावाच्या ग्रुपवर ती पडली की दोन तऱ्हेची उत्तरं येतात. एक म्हणजे, 'आपल्या खाजणात एवढं धन आहे आणि आपण त्यावर भराव टाकतोय.' दुसरं, 'पानं घ्यायची कशी, उकळून की वाटून?' पहिलं म्हणणं मला बरंचसं पटतं. दुसऱ्याची काळजी वाटते, आणि हा लेख मुख्यतः त्या प्रश्नासाठी आहे.

अशी बातमी बहुतेक वेळा खोटी नसते. खारफुटीच्या पानांचे अर्क जिवाणूंची वाढ रोखतात हे जगभरच्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण 'अर्काने जिवाणू मेले' आणि 'औषध सापडलं' या दोन वाक्यांमध्ये किती अंतर आहे, हे बातमी सांगत नाही. ते अंतर एकदा कळलं की पुढची प्रत्येक बातमी आपली आपल्याला तोलता येते.

आधी झाडं ओळखून घेऊ

खारफुटी हे एकाच झाडाचं नाव नाही. भरतीचं खारं पाणी रोज जिथे येऊन जातं, त्या चिखलात, म्हणजे खाजणात, तग धरणाऱ्या झाडाझुडपांचा तो गट आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जातींचं एकमेकींशी फारसं नातंही नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा वीसच्या आसपास जाती आहेत. सगळीकडे दिसते ती तिवर, जिची श्वासमुळं ओहोटीला चिखलातून वर आलेली असतात. आधारमुळांवर उभा राहतो तो कांदळ. चिपीतली पांढरी चिपी २०२० साली महाराष्ट्राने राज्याचा कांदळवृक्ष, म्हणजे खारफुटीचा राज्यवृक्ष, म्हणून जाहीर केली. कडेकडेने काटेरी पानांची, जांभळट फुलांची मारांडी असते. काजळा असतो. आणि गेवा असतो, ज्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं आणि अंगावर पडला तर फोड येतात.

ही यादी अशासाठी दिली की बातमीत नुसतं 'खारफुटीची पानं' असं लिहिलेलं असतं. तिवराच्या पानातली रसायनं वेगळी, मारांडीची वेगळी, गेव्याची तर फारच वेगळी. कोणत्या जातीच्या पानांवर प्रयोग झाला हे बातमीत नसेल, तर तिच्यातून काहीच काढता येत नाही.

झाडाला ही रसायनं लागतात कशाला?

झाड आपल्यासाठी औषध बनवत नाही. त्याला स्वतःला वाचवायचं असतं, आणि खाजणात तर पदोपदी.

खाडीच्या चिखलात वरच्या काही मिलिमीटरखाली प्राणवायू जवळजवळ नसतोच. खाली काळा गाळ असतो. तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ओहोटीला खाडीवरून जाताना कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्याचाच. वरून रणरणतं ऊन, खालून मीठ, दिवसातून दोनदा पाणी, आणि पानं कुरतडायला खेकडे, गोगलगायी, किडे. झाडाला पळून जाता येत नाही. मग ते रसायनांनी लढतं.

मिठाची तजवीज प्रत्येक जात आपापल्या परीने करते. तिवर पानावरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते. उन्हाळ्यात तिच्या पानाला जीभ लावून पाहिली तर खारट लागतं. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. पण मीठ आणि ऊन या दोन्हींमुळे पेशींची जी झीज होते, ती थोपवायला जवळपास सगळ्याच जाती पॉलिफिनॉल नावाची रसायनं साठवतात. त्यातलं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं म्हणजे टॅनिन. काजूचं बोंड खाल्लं की घसा धरतो आणि जीभ कोरडी पडते, ती टॅनिनमुळे. टॅनिन प्रथिनांना चिकटतं आणि त्यांचे गोळे करतं. आपल्या लाळेतल्या प्रथिनांचं ते हेच करतं, आणि पान कुरतडणाऱ्या किड्याच्या पोटात किंवा पानावर बसलेल्या जिवाणूच्या अंगावरही हेच करतं.

किनाऱ्यावरच्या माणसांना हा गुण फार आधीपासून ठाऊक होता. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची, सणाची असत. खाऱ्या पाण्यात भिजून ती भराभर कुजायची, म्हणून टॅनिन असलेल्या सालींच्या काढ्यात ती बुडवून काढायची रीत होती आणि त्यात कांदळाच्या जातीची सालही वापरली जायची. जाळं कुजतं ते जिवाणू आणि बुरशीमुळे. म्हणजे जिवाणूंना अडवणारा खारफुटीचा अर्क या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या वापरात होता, फक्त तो माणसाच्या पोटात जात नव्हता. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

टॅनिनशिवाय इतरही रसायनं आहेत. मारांडीत बेंझोक्साझोलिनोन नावाचं छोटं, नायट्रोजन असलेलं रसायन मिळतं. तिवराच्या जातीत नॅफ्थोक्विनोन गटातली रसायनं आढळली आहेत. चिपीच्या पानांत ल्युटिओलिन हे फ्लॅव्होनॉइड असतं. ही नावं लक्षात ठेवायची गरज नाही. 'अर्क' म्हणतात तो अशा शेकडो रसायनांचा खिचडा असतो, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

पानातून ती काढतात कशी?

पानं धुतात, सावलीत वाळवतात, दळतात आणि द्रावकात भिजत घालतात. द्रावक म्हणजे ज्यात हवा तो पदार्थ विरघळतो ते द्रव. हळद पाण्यात टाकली की तळाशी बसते, फोडणीच्या तेलात टाकली की तेल पिवळंधमक होतं, कारण हळदीतलं करक्युमिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. पानांचंही तसंच असतं. पाण्यात काही रसायनं उतरतात, मेथनॉल किंवा इथेनॉलमध्ये दुसरी, हेक्झेनमध्ये तिसरी. बहुतेक प्रयोगांत मेथनॉल वापरतात, कारण त्यात बरंच काही उतरतं. मेथनॉल स्वतः विष आहे. विषारी दारूच्या बातम्यांत माणसं आंधळी होतात किंवा दगावतात ती त्यानेच. प्रयोगशाळेत ते उडवून टाकून मागे उरलेला चिकट अर्क वापरतात.

म्हणून 'अर्काने जिवाणू मेले' हे वाचून घरी पानं उकळली तर तो प्रयोग घरी झाला असं होत नाही. मेथनॉलमध्ये जे उतरलं ते पाण्यात उतरेलच असं नाही, आणि उतरलं तरी उकळताना टिकेलच असंही नाही.

द्रावक आणि उष्णता यांनी किती फरक पडतो याचं फार मोठं उदाहरण आहे. चीनमध्ये तू यूयू नावाच्या शास्त्रज्ञ हिवतापावर जुन्या औषधी वनस्पती तपासत होत्या. एका वनस्पतीचा अर्क कधी लागू पडायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात त्यांना दिसलं की तिथे ती वनस्पती उकळलेली नव्हती, थंड पाण्यात भिजवून पिळून घेतलेली होती. त्यांनी उष्णता टाळली, कमी तापमानाला उकळणारं इथर वापरलं, आणि १९७१ साली अर्क लागू पडला. त्यातूनच आर्टेमिसिनिन वेगळं झालं, ज्यासाठी त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. जुन्या ज्ञानाने दिशा दाखवली. पण औषध झालं ते नेमकं कोणतं रसायन काम करतं ते वेगळं काढून, मोजून, माणसांवर रीतसर तपासल्यावर.

काचेच्या ताटलीतलं कडं

आता प्रत्यक्ष चाचणी. काचेच्या पसरट ताटलीत अगारची खळ ओततात. अगार हे समुद्री शेवाळापासून मिळतं. थंड झालं की थिजतं. त्यावर जिवाणू सारखे पसरतात. मग कागदाची बारीक चकती अर्कात भिजवून वर ठेवतात आणि ताटली रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी सगळीकडे जिवाणूंची साय धरलेली दिसते. अर्कात काही दम असेल तर चकतीभोवती स्वच्छ कडं राहतं, जिथे जिवाणू वाढू शकले नाहीत. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. बातमीतला आकडा बहुधा हाच असतो.

ही चाचणी स्वस्त आहे, कोणत्याही महाविद्यालयात होते, आणि पहिली चाचपणी म्हणून उत्तम आहे. पण कड्याचा आकार ताकदीइतकाच रसायन खळीतून किती सहज पसरतं यावरही ठरतो. टॅनिनचे मोठाले रेणू नीट पसरत नाहीत, त्यांचं कडं लहान पडतं. एखादं हलकं रसायन दुबळं असूनही दूरवर पसरतं आणि कडं मोठं दिसतं. शिवाय चकतीत अर्क किती भरला, हेही आहेच. दुप्पट अर्क भरून मोठं कडं मिळवता येतं. म्हणून शेजारी दोन चकत्या असायलाच हव्यात, एकात नुसतं द्रावक आणि दुसऱ्यात एखादं प्रचलित प्रतिजैविक. त्या नसतील तर मिलिमीटरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

हल्ली आणखी एक प्रकार वरचेवर दिसतो. खारफुटीच्या पानांच्या अर्कात चांदीचा क्षार मिसळून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवतात आणि ते जिवाणू मारतात असं दाखवतात. रसायनशास्त्र म्हणून त्यात गंमत आहे. पण चांदी स्वतःच जिवाणू मारते. मेलेल्या जिवाणूंचं श्रेय पानांना किती द्यायचं, हे विचारायलाच हवं.

किती मात्रेत? खरा प्रश्न इथे आहे

लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा.

ताटलीनंतरची चाचणी म्हणजे किमान रोधक मात्रा काढणं. जिवाणूंची वाढ थांबवायला एका मिलिलीटरमध्ये कमीत कमी किती पदार्थ लागतो, तो आकडा. अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जायचं आणि कुठल्या नळीपर्यंत जिवाणू वाढत नाहीत ते पाहायचं. आकडा जितका लहान, तितका पदार्थ जोरकस.

चांगल्या प्रतिजैविकाचा हा आकडा, त्याला दाद देणाऱ्या जिवाणूवर, मिलिलीटरला एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पानांच्या कच्च्या अर्कांचा आकडा पुष्कळदा एक मिलिग्रॅमच्या घरात येतो, म्हणजे हजारपट.

हजारपट म्हणजे काय, ते माणसाच्या शरीरात मांडून पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण चाळीस लिटर पाणी असतं. त्यात मिलिलीटरला एक मायक्रोग्रॅम हे प्रमाण आणायला चाळीस मिलिग्रॅम औषध लागेल, जे एका लहानशा गोळीत मावतं. मिलिलीटरला एक मिलिग्रॅम आणायचं तर चाळीस ग्रॅम वाळलेला अर्क लागेल. वाळलेल्या पानांतून वजनाच्या दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर चारशे ग्रॅम वाळकी पानं, म्हणजे ओली पानं किलोभराहून जास्त. तीही एका वेळेला, आणि पोटातून शेवटच्या कणापर्यंत रक्तात गेली तर. तसं होत नाही. टॅनिन तर आतड्यातल्या अन्नातच अडकून पडतं. आणि यकृत, मूत्रपिंड सतत सफाई करत असतात, त्यामुळे काही तासांनी पुन्हा तेवढीच मात्रा लागणार. कपभर काढ्याने हे गणित जुळत नाही, कितीही कडू लागला तरी.

मग कच्च्या अर्काची चाचणी फुकट का? अजिबात नाही. त्या शेकडो रसायनांत एखादंच जोरकस असेल आणि बाकी नुसती भर असेल, तर ते वेगळं काढल्यावर आकडा एकदम खाली येऊ शकतो. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, जो चालला त्याचे पुन्हा भाग पाडायचे, अशी वर्षानुवर्षांची किचकट शोधाशोध असते ती. पुष्कळदा असं होतं की भाग पाडता पाडता गुणच नाहीसा होतो, कारण तो दोन-चार रसायनांचा मिळून होता. प्रसिद्ध झालेली बरीच कामं कच्च्या अर्काशी थांबतात, कारण पुढच्या कामाला पैसा, यंत्रं आणि चिकाटी लागते. मला वाटतं, पाठ थोपटायची असेल तर कड्याच्या बातमीपेक्षा या पुढच्या कामाची थोपटावी.

'जिवाणू मरतात ना, मग झालं!'

जिवाणू फिनेलनेही मरतात. औषध ठरण्यासाठी पदार्थाने जिवाणू मारावेत आणि माणसाच्या पेशींना हात लावू नये, हे दोन्ही लागतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली सापडलेलं पेनिसिलिन एवढं मोठं ठरलं ते याच कारणाने. ते जिवाणूच्या पेशीभित्तीची बांधणी मोडतं, आणि आपल्या पेशींना तशी भित्तीच नसते.

टॅनिनचं तसं नाही. ते समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं, मग ते जिवाणूचं असो की आपलं. अशी सगळ्यांना चिकटणारी रसायनं चाचणीत हमखास चांगले निकाल देतात आणि पुढे फसवतात. करक्युमिनचीही गत हीच आहे. काचेच्या नळीत ते असंख्य गोष्टींवर परिणाम दाखवतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. म्हणून वनस्पतींवर काम करणारे जाणते रसायनशास्त्रज्ञ आधी अर्कातून टॅनिन काढून टाकतात आणि मग तपासतात की काही उरलं का. बातमीतल्या प्रयोगात हे केलं होतं का, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ उलगडा होतो.

राहिला गेवा. त्याच्या अर्कानेही चाचण्यांत जिवाणूंची वाढ रोखल्याचं दिसलं आहे. त्याचा चीक काय करतो ते वर आलंच आहे.

'पण आमच्याकडे गुरं खातात, आजी लेप लावायची'

दोन्ही खरं असू शकतं. तिवराचा पाला गुरांना घालतात. मारांडीची पानं दुखऱ्या सांध्यावर बांधायचा रिवाज किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी आढळतो. पण गुरांचं पोट चार कप्प्यांचं असतं आणि त्यातले सूक्ष्मजीव पुष्कळ रसायनं आधीच मोडून टाकतात. लेप कातडीवर, एका जागी बसतो. तिथे मात्रेचं गणित सोपं असतं, कारण चाळीस लिटर पाणी भरायचं नसतं. म्हणून अशा रसायनांचं काही झालंच, तर मलम किंवा जखमेची पट्टी या रूपात आधी होईल असं मला वाटतं.

पण उघड्या जखमेवर खाडीकाठचा पाला वाटून लावणं वेगळं. कारखान्यांजवळच्या खाड्यांत गाळामध्ये जड धातू साठतात, पाल्यावर गाळ असतो, आणि खाडीच्या पाण्यात जखम चिघळवणारे जिवाणू असतात. मधुमेह असलेल्या माणसाने तर या वाटेला जाऊच नये.

आणि ताप असेल तर काढ्यावर एक दिवसही घालवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, दरवर्षी डोकं वर काढतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरीतल्या शेतकऱ्यांना हे सांगायची गरज नाही. तो जिवाणूचाच आजार आहे आणि डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनने वेळेत बरा होतो. उशीर झाला की मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धोक्यात येतात. उकळलेल्या पानांनी झालेला अपाय कमी असेल, वाया गेलेल्या दोन दिवसांचा फार मोठा असतो.

नव्या औषधांची एवढी निकड का आहे?

इतके अडथळे असूनही संशोधक खाजणात पानं गोळा करत फिरतात, त्याचं कारण गंभीर आहे. जिवाणू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. याला प्रतिरोध म्हणतात. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच सांगितलं होतं की कमी मात्रेत पेनिसिलिन घेणारा माणूस जिवाणूंना ते पचवायला शिकवतो. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ना, ती आपल्याकडे २०१६ पासून या मोहिमेसाठी ओळखली जाते: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

सगळ्यात चिवट आहेत ते ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू. त्यांना दुहेरी आवरण असतं आणि बाहेरच्या आवरणातून बरीच रसायनं आत शिरतच नाहीत. ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास ही त्यातली नावं. त्यांच्यावर चालेल असा औषधांचा संपूर्ण नवा वर्ग १९६० च्या दशकानंतर वापरात आलेला नाही. वनस्पतींचे अर्कही बहुधा एकेरी आवरणाच्या जिवाणूंवर, म्हणजे पुवाळलेल्या जखमेत सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकससारख्यांवर, चांगले चालतात आणि यांच्यापुढे थकतात. बातमीत कोणता जिवाणू मेला हे म्हणूनच पाहायचं.

पानांकडून मला सर्वांत जास्त आशा वाटते ती एका आडवाटेने. पुष्कळ जिवाणूंच्या आवरणात पंप असतात. भोक पडलेल्या होडीत पाणी शिरतं आणि एक माणूस ते सतत उपसत असतो, म्हणून होडी तरंगत राहते. तसं आत शिरलेलं औषध हे पंप बाहेर फेकत राहतात आणि जिवाणू जगतो. उपसणाऱ्याचा हात धरला तर होडी बुडते. २००० साली नेमकं हेच एका वनस्पतीत सापडलं. दारुहळदीच्या कुळातल्या एका झुडपात बर्बेरिन हे जिवाणूंवर थोडंफार चालणारं रसायन असतं, पण स्टॅफिलोकॉकस ते पंपाने बाहेर काढतो. त्याच झुडपाच्या पानांत दुसरं एक रसायन निघालं, जे एकटं जिवाणूला काहीच करत नाही. फक्त तो पंप बंद पाडतं. दोन्ही मिळून जिवाणू मरतो. खारफुटीच्या अर्कातले भाग पाडताना गुण नाहीसा होतो तो कदाचित अशाच जोडीमुळे. जुन्या, निकामी ठरत चाललेल्या औषधाला पुन्हा धार लावणारं रसायन मिळालं, तर ते नव्या औषधाइतकंच मोलाचं.

पानात की पानातल्या बुरशीत?

खारफुटीची पानं वरून स्वच्छ धुतली तरी आत रिकामी नसतात. पानांच्या पेशींमधल्या जागेत बुरशी आणि जिवाणू राहतात, झाडाला अपाय न करता. त्यातल्या काही स्वतः जिवाणूरोधक रसायनं बनवतात. म्हणजे पानात सापडलेलं रसायन झाडाचं की भाडेकरूचं, हा प्रश्न खुला राहतो. भाडेकरूचं असेल तर ती आनंदाची गोष्ट, कारण बुरशी टाकीत वाढवता येते.

इतिहास पाहिला तर प्रतिजैविकं बहुतेक सूक्ष्मजीवांकडूनच आली आहेत. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये मातीतल्याच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनापासून हमायसिन हे बुरशीवरचं औषध निघालं. त्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे. आज सेफिक्झाइमसारखी ज्या गटातली औषधं सर्रास लिहून दिली जातात, त्या सेफॅलोस्पोरिनचा उगम तर इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, समुद्रात सांडपाणी सोडतात तिथल्या पाण्यातल्या बुरशीत आहे. जुझेप्पे ब्रोत्झू यांना ती १९४५ च्या सुमारास मिळाली. खाडीच्या काळ्या चिखलात औषध शोधायला जाणं हे म्हणूनच रास्त आहे. पानं तोडून आणली आणि चिखलावर भराव पडला, तर अर्धा खजिना न उघडताच गाडला जातो.

जवळचा उपयोग कुठे?

माणसाच्या औषधाला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि तिथवर पोचूनही धंदा चालेलच असं नाही. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नवं प्रतिजैविक शक्यतो राखून वापरायचं असतं, त्यामुळे ते खपत नाही.

कोळंबीच्या तलावात मात्र गरज आजची आहे. व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूंनी तलावच्या तलाव बसतात. क्लोरँफेनिकॉल, नायट्रोफ्युरान या जिवाणूनाशक औषधांना कोळंबीपालनात बंदी आहे आणि त्यांचा अंश सापडला तर परदेशातून माल परत येतो. खाद्यात मिसळता येईल असा, मोजून प्रमाणित केलेला वनस्पतीचा अर्क तिथे उपयोगी पडू शकतो. मोजून प्रमाणित केलेला, हे महत्त्वाचं. त्याच झाडाचं पान एप्रिलमध्ये खाडीचं पाणी खारट असताना तोडलं आणि ऑगस्टमध्ये नदीचं गोडं पाणी आल्यावर तोडलं, तर त्यातल्या रसायनांचं प्रमाण वेगळं येतं. देवगडचं आणि रेवदंड्याचं पान एकच धरून चालणार नाही.

औषध मिळालंच, तर खाजण राहील का?

ही भीती काल्पनिक नाही. सह्याद्रीत आपण हे एकदा पाहिलं आहे. नरक्या नावाचं झाड, ज्याला अमृता असंही म्हणतात, घाटमाथ्यावर आणि कोकणाच्या बाजूच्या रानात वाढतं. त्यात कँप्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचा पाया असलेलं रसायन आहे. ते पहिल्यांदा १९६६ साली एका चिनी झाडात सापडलं, नंतर नरक्यात भरपूर असल्याचं कळलं, आणि मग पोत्यांनी लाकूड बाहेर जाऊ लागलं. मुळासकट झाडं गेली. ज्या गावांच्या रानातून ती गेली, त्यांच्या हाती तोडणीची मजुरी सोडून काही लागलं नाही.

दुसरी वाटही आहे. टॅक्सॉल हे कर्करोगाचं औषध आधी अमेरिकेतल्या यू वृक्षाची साल सोलून काढत, आणि त्यात झाड मरायचं. पुढे युरोपातल्या यूच्या दुसऱ्या जातीच्या झाडाच्या पानांतून जवळचं रसायन काढून प्रयोगशाळेत त्याचं टॅक्सॉल करता आलं. पानं पुन्हा येतात. रसायनाची रचना एकदा नीट कळली की झाडावरचं ओझं उतरू शकतं. ती कळण्याआधी बाजार सुरू झाला, तर नरक्याचं होतं तेच होतं.

आज कायदा खारफुटीच्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर खारफुटी तोडण्यावर आणि तिच्यावर भराव टाकण्यावर बंदी कायम केली. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, आणि सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवनं राखीव वन आहेत. तिथली पानं गोणीने तोडून आणणं हा गुन्हा ठरतो, अर्क करण्यासाठी असलं तरी. संशोधकांनाही परवानगी काढावी लागते.

गावाच्या हाती असलेलं साधन म्हणजे २००२ चा जैवविविधता कायदा. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते: गावात कोणती झाडं, कोणते जीव, त्यांचे कोणते वापर. एखाद्या कंपनीला इथल्या झाडापासून उत्पादन काढायचं असेल तर त्यातला वाटा स्थानिकांना मिळावा, ही तरतूद याच कायद्यात आहे. पण मागायला कागद लागतो. खाडीकाठच्या गावांनी आपली नोंदवही उघडून पाहावी. तिच्यात आंबा, काजू, फणस असतीलच. मारांडी, काजळा, चिपी, गेवा आहेत का? कोणती साल जाळ्यांना लावायचे, कोणता पाला कोण कशावर बांधायचं, कोणत्या झाडापासून पोरांना लांब ठेवायचे, हे लिहिलंय का? हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.